पुढचं मी आल्यावर

साहेबांनी ठरवलं होतं, हा निर्णय आपण दुपारी दोनच्या आत घेऊन टाकायचा.

चौतीस वर्षं लिफ्ट तपासणारा माणूस. वीस-वीस मजल्यांच्या विहिरीत डोकं घालून दोर बघितलेले. त्यांच्या एका सहीवर शेकडो माणसं वर जायची आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, धड खाली यायची. असल्या माणसाला डीव्हीडी प्लेअर सोडून ब्लू-रे घ्यायचा की नाही, एवढं ठरवायला वेळ तो किती लागणार! त्यांनी कोरा कागद घेतला, मधोमध पट्टीने रेघ मारली, डावीकडे ‘घ्यावा’ लिहिलं, उजवीकडे ‘घेऊ नये’ लिहिलं आणि कामाला लागले.

‘घ्यावा’च्या खाली भराभर चार मुद्दे पडले. चित्र जास्त स्वच्छ दिसतं. नव्या टीव्हीला जोडता येतो. जुन्या डिस्काही त्यावर चालतात. मुलगी गप्प बसेल.

‘घेऊ नये’च्या खाली त्यांनी एक आकडा घातला, त्यापुढे टिंब दिलं, आणि चाळीस मिनिटं त्या टिंबाकडे बघत बसले.

कारण नव्हतं असं नाही. कारण चांगलं भक्कम होतं. फक्त ते चारचौघांना दाखवण्यासारखं नव्हतं.

घोळ सुरू झाला टीव्हीपासून. जुन्या टीव्हीने गेल्या आठवड्यात मान टाकली. मुलगी दुसऱ्याच दिवशी खिडकीएवढा नवा टीव्ही घेऊन आली. भिंतीवर चढवून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की जुन्या प्लेअरच्या लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या वायरी खुपसायला ह्याला भोकंच नाहीत. एक चपटी खाच होती, बस.

“आता हा प्लेअर काय कामाचा, बाबा?” मुलगी म्हणाली. “ब्लू-रे घेऊन टाकू. एकच वायर, कटकट मिटली.”

“बघू.”

“बघू नाही. डिस्कवाला दुकान बंद करतोय. त्याच्याकडे शेवटचा एकच उरलाय. जुना प्लेअर दिला तरच नवा देणार म्हणतो, त्याला जुन्याचे सुटे भाग हवेत. शनिवारी पाचपर्यंत ठेवतो म्हणालाय.”

“इतकं स्वच्छ चित्र घेऊन करायचं काय? नटाच्या नाकातले केस मोजायचेत का?”

“बाबा.”

“शिवाय ते निळे किरण डोळ्यांना वाईट असतात.”

“किरण मशीनच्या आत असतात, बाबा. बाहेर येत नाहीत.”

“लिफ्टचा दोरसुद्धा लिफ्टच्या बाहेर असतो. म्हणून काय आतल्या माणसाला त्याची काळजी नको?”

“ह्याचा काय संबंध?”

संबंध साहेबांनाही सापडला नाही, म्हणून ते चहा ठेवायला उठून गेले. असे सहा दिवस त्यांनी काढले. आज शनिवार उजाडला होता.

आता खरं कारण सांगतो.

साहेबांची बायको शाळेत ग्रंथपाल होती. कडक बाई. वाचनालयाच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं: ‘शेवटचं पान आधी वाचणाऱ्यास पुस्तक मिळणार नाही.’ घरी मात्र तिला एकच नाद, खुनाचे सिनेमे. एकतीस वर्षं दोघांनी मिळून ते बघितले. आधी कॅसेटवर, मग डिस्कवर. पद्धत ठरलेली. संध्याकाळी जेवणं आटोपली की अर्धा सिनेमा बघायचा आणि बरोबर मध्यावर ती बंद करायची. “अर्ध्यावर थांबून विचार करायचा असतो,” असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती खुनी कोण ते सांगायची आणि संध्याकाळी तोच निघायचा. एकदा नाही, दोनदा नाही. एकतीस वर्षं, एकूण एक वेळा.

साहेबांचा संशय कायम डॉक्टरवर. सिनेमात डॉक्टर नसला तर त्यांना कोणावरच संशय यायचा नाही. एकतीस वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता. वर जावई मिळाला तो दातांचा डॉक्टर. पण तो बायकोने निवडला होता. “मुलगा सरळ आहे, मला चेहरे कळतात,” असं ती म्हणाली आणि साहेबांनी एक प्रश्न विचारला नाही. जिला एवढे खुनी ओळखता येतात तिला एक जावई ओळखता येणार नाही? घर कोणतं घ्यायचं, साहेबांनी बढती घ्यायची की नाही, दुधात पाणी कोण घालतं, सगळे निकाल तीच द्यायची. आपण एका अत्यंत तल्लख डोक्याच्या शेजारी झोपतो, ह्याचा साहेबांना अभिमान होता.

चौदा महिन्यांपूर्वी तिला दोन दिवसांच्या तपासण्यांसाठी इस्पितळात जायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी अर्धा सिनेमा बघितला. एका संगीतशाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंचा खून होतो. संशयित चार: डॉक्टर, पुतण्या, रखवालदार आणि पियानोचे सूर जुळवायला येणारा म्हातारा. मध्यावर तिने बंद केलं. सकाळी बॅग भरायला म्हणून पहाटेच उठली, आणि पहाटे उठूनही कंगवा, टॉवेल, चष्म्याचं घर सगळं विसरली. गाडी खाली येऊन थांबली तेव्हा साहेब तीनदा वर-खाली पळाले.

गाडीत बसताना ती म्हणाली, “मला कळलंय कोण ते.”

“कोण?”

“आल्यावर सांगते.”

साहेब तिसऱ्या खेपेला वर गेले होते तेव्हा त्यांनी बघितलं, प्लेअरच्या बटणाला त्यांच्याच कामावरचा एक लाल टॅग दोऱ्याने बांधलेला. त्यावर तिचं ग्रंथपालाचं गोल अक्षर: ‘पुढचं मी आल्यावर. तोवर कोणी हात लावू नये.’ खाली सही, तारीख.

ती आली नाही.

लाल टॅगचं म्हणणं असं आहे. लिफ्टचं काम चालू असताना माणूस विहिरीत उतरतो, तेव्हा वरच्या बटणाला तो स्वतःच्या सहीचा लाल टॅग लावतो. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी काढला आणि बटण दाबलं तर आतल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. साहेबांच्या धंद्यात ह्यापेक्षा मोठा नियम नव्हता. घरातही ते तसेच वागायचे. गळका नळ, डुगडुगती खुर्ची, कुकरची शिट्टी, सगळ्यांना टॅग. बायको हसायची, पण तिनेही कधी त्यांचा टॅग काढला नाही.

मग तिचा टॅग ते कसा काढणार?

आणि प्लेअरच्या माहितीपत्रकात दोन वाक्यं होती. पहिलं: ‘डिस्क जिथे थांबवली ती जागा मशीन लक्षात ठेवते.’ दुसरं: ‘वीज पूर्ण गेल्यास ही जागा पुसली जाऊ शकते.’ पहिल्या वाक्याने साहेबांना धीर दिला, दुसऱ्याने झोप उडवली. ‘जाऊ शकते’ म्हणजे काय? जाते की नाही जात? असलं वाक्य त्यांनी लिफ्टच्या अहवालात लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. शेवटी त्यांनी एक यूपीएस आणून, वीज न तोडता चालू वायरीला जोड देऊन, प्लेअर त्याला जोडला. चौदा महिने त्या मशीनची वीज एक क्षण गेली नव्हती. ती जिथे थांबली होती, ती जागा त्याच्या पोटात तशीच होती.

तर ‘घेऊ नये’च्या खाली पहिला मुद्दा हा होता. लिहून बघा बरं.

दीड वाजता साहेबांनी डिस्कवाल्याला फोन लावला. आवाज शक्य तितका अधिकाऱ्यासारखा काढला.

“एक तांत्रिक शंका आहे. जुन्या मशीनच्या लक्षात असलेली जागा नव्या मशीनमध्ये भरता येते का?”

“कसली जागा?”

“थांबलेली.”

“कोण थांबलंय, साहेब?”

“सिनेमा. समजा, एखाद्याचा सिनेमा थांबलेला असेल.”

“मग त्याला सांगा, पुढे ढकलत न्यायचा तिथपर्यंत. ह्यात काय भरायचंय?”

“आणि नेमकं कुठपर्यंत ते माहीत नसेल तर?”

“साहेब, पाचला शटर ओढतोय मी. दुसरं एक गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलंय. तुम्ही येताय का नाही?”

“कळवतो,” म्हणून साहेबांनी फोन ठेवला. बघायला गेलं तर उपाय सोपा होता. मशीन एकदा सुरू करून मिनिट-सेकंद कागदावर टिपायचे. पण सुरू करायचं म्हणजे टॅग काढायचा. आणि दाखवायला टीव्ही कुठाय? नव्याला भोकं नाहीत, जुन्याला प्राण नाहीत.

तेवढ्यात बेल वाजली. जावई.

जावई धापा टाकत होता. चौथा मजला, आणि लिफ्ट बंद. लिफ्टच्या दाराला सकाळीच लाल टॅग लागला होता: ‘दार घासतं. दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये.’ निवृत्त झाल्यावर इमारतीच्या लिफ्टची फुकट देखरेख करायचं साहेबांनीच अंगावर घेतलं होतं, त्यामुळे खालची सहीही त्यांचीच.

“काढूया का, बाबा, वायरी?” जावयाने बाह्या सरसावल्या. “ही म्हणाली, मी चारला येईपर्यंत सगळं सोडवून ठेवा.”

“बसा की. पाणी घ्या.”

“आधी काम.”

“चहा?”

“नंतर घेतो. दोन मिनिटांचं काम आहे.” असं म्हणून जावई टीव्हीखालच्या कपाटापुढे उकिडवा बसला, एक डोळा मिटला, दाढ बघावी तसा आत वाकून बघितलं आणि यूपीएसची वायर चिमटीत धरली.

“हात लावू नका!”

साहेब चौतीस वर्षांत असे ओरडले नव्हते. जावई बर्फासारखा थिजला. सासरा वीजयंत्रांचा तपासनीस, तो एवढा ओरडतोय, म्हणजे वायरीत करंट उतरलाय. दुसरा अर्थ कोण लावील? जावई शहाणा होता. त्याने हात अलगद मागे घेतला, एका उडीत पॅसेज गाठला आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. इतक्या जोराने ओढला की स्विचचा दांडा मुळासकट उपटून त्याच्या हातात आला.

पंखा थांबला. फ्रीजने उसासा टाकला. आणि कपाटातून यूपीएस ओरडायला लागला: टीं. टीं. टीं.

“वाचलो,” जावई छातीवर हात ठेवून म्हणाला.

“काय केलंत हे?”

“मेन बंद केला.”

“लावा परत.”

जावयाने हातातला दांडा पुढे केला. “कुठे लावू?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. यूपीएसची बॅटरी वीस मिनिटं चालते असं खोक्यावर लिहिलं होतं, पण ते खोकं नवं असतानाचं. “उचला,” ते म्हणाले.

“काय उचलू?”

“तो डबा उचला. मी मशीन घेतो. वायर सुटता कामा नये. खाली पहिल्या मजल्यावर सिस्टरकडे वीज आहे, आणि चालू मशीन सांभाळणं त्यांनाच कळतं.”

“बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“जावईबापू, प्रश्न नंतर.”

यूपीएस आणि प्लेअर ह्यांच्यातली वायर हातभर लांबीची. जावयाच्या हातात पाच किलोचा ओरडणारा डबा, साहेबांच्या हातात प्लेअर, रंगीत वायरी गळ्यात, आणि दोघं खांद्याला खांदा लावून एकाच पायरीवर एकाच वेळी पाय ठेवत चाललेले. शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीत दोन म्हातारे उतरवावेत तसं. जावई चाळिशीचा होता म्हणा, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत तोही म्हातारा दिसायला लागला.

“लिफ्टने गेलो असतो तर?” त्याने कण्हत विचारलं.

“टॅग आहे.”

“तुमचाच आहे ना?”

“म्हणूनच.”

टीं. टीं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरांची दारं उघडली आणि लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. ओरडणारं यंत्र घेऊन दोन घामेजलेले पुरुष पळतायत म्हटल्यावर वाट द्यायची, एवढं सगळ्यांना कळतं. एका बाईंनी हात जोडले. एक जण “धीर सोडू नका” म्हणाला. साहेब “नाही सोडत” म्हणाले आणि पुढच्या पायरीवर अडखळले. वायर ताणली गेली. पण सुटली नाही.

पहिल्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. अतिदक्षता विभागात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. जिन्यात टीं टीं ऐकल्याबरोबर त्यांनी हातातलं विणकाम टाकलं, दार सताड उघडलं आणि दारातूनच विचारलं, “पेशंट कुठाय? किती वेळ झाला?”

“चौदा महिने,” साहेब म्हणाले.

सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या मशीनकडे बघितलं, लाल टॅगकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्या एक शिकल्या होत्या, आधी प्लग लावायचा, मग चौकशी करायची. त्यांनी इस्त्रीचा प्लग ओढून काढला आणि यूपीएसचा खुपसला. टीं टीं थांबलं. जावई होता तिथेच फरशीवर बसला.

“आता सांगा,” दार लोटून दोघांना दहा मिनिटं दम खाऊ दिल्यावर सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी तोंड उघडलं, पण सांगायची वेळ आली नाही. कारण मुलगी चारच्या ऐवजी अडीचलाच आली होती. ती चार मजले चढून वर गेली तर घराचं दार उघडं, आत पंखा बंद, मेन स्विच उखडलेला, घरात चिटपाखरू नाही. टेबलावर एक कागद, त्यावर एका बाजूला ‘मुलगी गप्प बसेल’ एवढंच तिला दिसलं. ती तशीच धावत खाली सुटली. दुसऱ्या मजल्यावर लोकांनी सांगितलं, “मशीन लावून सिस्टरकडे नेलंय. धीर धरा.”

ती आत शिरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. “बाबा कुठायत?”

“इथे,” साहेब म्हणाले. ते सोफ्यावर मांडीत डीव्हीडी प्लेअर घेऊन बसले होते, पिवळी वायर अजून गळ्यात.

मुलगी खुर्चीत कोसळली आणि रडायला लागली. नवरा जवळ गेला तर त्याला म्हणाली, “तुम्हाला वायरी काढायला सांगितल्या होत्या. तुम्ही माझा बाप काढून आणलात.”

“मी काय केलं? करंट होता.”

“नव्हता,” साहेब म्हणाले.

“मग ओरडलात कशाला?”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. साहेबांनी मशीनच्या पुढच्या बाजूला लटकणारा टॅग वळवला आणि मुलीपुढे धरला. चौदा महिने तो कपाटाच्या काचेआड आतल्या बाजूला वळून होता. मुलीने तो कधी वाचला नव्हता. आता वाचला. दोनदा वाचला. अक्षरावरून बोट फिरवलं.

“ती कुठवर आली होती, ती जागा ह्यात आहे,” साहेब म्हणाले. “वीज गेली तर पुसली जाईल. तुम्ही तो देऊन टाकणार होतात. आणि ती म्हणाली होती, कोण ते कळलंय. सांगायचं राहिलं.”

सिस्टरनी सगळ्यांना पाणी दिलं.

“मग बघूया की,” सिस्टरच शेवटी म्हणाल्या. “माझा टीव्ही जुनाच आहे. तिन्ही भोकं आहेत.”

“टॅग आहे,” साहेब म्हणाले.

“बाबा, लावणारा येऊच शकत नसेल तर नियम काय सांगतो?” मुलीने नाक पुसत विचारलं. ती लिफ्ट तपासनिसाची मुलगी होती.

“वरच्या अधिकाऱ्याने काढायचा. दोन साक्षीदारांसमोर, नोंद करून.”

“आईच्या वर आपल्याकडे कोण होतं?”

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “कोणी नाही.”

“आणि तिच्या खालोखाल?”

साहेबांना हे उत्तर देताना थोडं जड गेलं, पण खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “तू.”

“मग मी काढते.”

सिस्टरनी जुन्या तापमान तक्त्याची मागची बाजू दिली. त्यावर साहेबांनी तारीख, वेळ आणि ‘टॅग काढला’ असं लिहिलं. सिस्टर आणि जावई ह्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मुलीने दोऱ्याची गाठ सोडवली आणि टॅग वडिलांच्या हातात दिला. जावयाने लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात, पिवळी पिवळ्यात लावली. साहेबांनी पेन उघडलं, मिनिट-सेकंद टिपायला.

“दाबू?” मुलीने विचारलं.

“दाब.”

मशीन घरघरलं. पडदा काळा झाला. साहेबांना वाटलं, गेलं. पुसलं. पायऱ्यांवर धक्का बसला तेव्हाच गेलं असणार.

मग पडद्यावर एका काळ्या गाडीचं दार लागलं. आत दोन पोलिसांच्या मध्ये पियानोचे सूर जुळवणारा म्हातारा, हातात बेड्या. गाडी निघाली. संगीत वाढलं आणि खालून वर नावं सरकायला लागली.

“हा तर शेवट आहे,” जावई म्हणाला.

“चुकीच्या जागी लागलं,” साहेब म्हणाले. “आम्ही मध्यावर थांबलो होतो. मी शेजारी होतो. मध्यावर.”

“मशीन चुकत नाही, बाबा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज विचित्र येत होता. साहेबांना वाटलं ती परत रडतेय. बघितलं तर ती हसत होती. “बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“काय?”

“आई पहाटे उठून पुढचं बघून घ्यायची. आवाज बंद करून. मग परत मागे आणून ठेवायची. मी अभ्यासाला उठायचे तेव्हा मला गप्प बसायचे दोन रुपये मिळायचे.”

साहेब चौतीस वर्षांचे तपासनीस होते, आणि आता पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यातल्या सगळ्या कप्प्या एका दोरावर फिरायला लागल्या. त्या दिवशी ती पहाटे उठली. बॅग भरायला नव्हे. म्हणून कंगवा राहिला, टॉवेल राहिला. गाडी वेळेआधी आली. सिनेमा मागे न्यायला वेळ उरला नाही. आता नवऱ्याने चुकून बटण दाबलं तर एकतीस वर्षांचं भांडं फुटणार. मग काय करायचं? नवरा कशाला हात लावत नाही ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने टॅग लावला.

आणि आपण चौदा महिने तो पुरावा यूपीएस लावून जपला.

“शेवटचं पान आधी वाचणाऱ्यास पुस्तक मिळणार नाही,” साहेब हळूच म्हणाले.

“ते इतरांसाठी होतं,” मुलगी म्हणाली.

जावई मघापासून हिशेब घालत होता. त्याचा चेहरा उतरला. “एक मिनिट. म्हणजे माझ्या वेळेला त्या म्हणाल्या होत्या, मुलगा सरळ आहे, मला चेहरे कळतात...”

“हो,” साहेब म्हणाले.

“ते कशावरून म्हणाल्या होत्या?”

“आता काय सांगणार.”

“घाबरू नका,” मुलगी नवऱ्याला म्हणाली. “तुमचा शेवट तिने बघितला नव्हता. तिथे ती खरंच अंदाजानेच खेळली.”

सिस्टर तोंडाला विणकाम लावून हसत होत्या. साहेबांनाही हसू आलं, आणि हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. तिचं उत्तर शेवटी मिळालं होतं. पियानोवाला म्हातारा. आल्यावर तिने तेच सांगितलं असतं, चहाचा कप खाली ठेवून, रात्रभर विचार करून थकल्यासारखा चेहरा करून. आणि त्यांनी मान हलवून म्हटलं असतं, “काय डोकं आहे तुझं.”

फोन वाजला. डिस्कवाला.

“साहेब, ते गिऱ्हाईक दारात उभं आहे. शेवटचं विचारतो, हो का नाही?”

“एक तांत्रिक शंका आहे,” साहेब म्हणाले.

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. “विचारा.”

“ह्या नव्या मशीनच्या लक्षात राहतं का, कोण कुठे थांबलं होतं ते?”

“नाही हो. हे स्वस्तातलं मॉडेल. डिस्क बाहेर काढली की विसरतं. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. खोटं कशाला सांगू?”

“मग तेच द्या,” साहेब म्हणाले. “जुना घेऊन येतोच आहोत.” आणि मुलीकडे वळून म्हणाले, “टॅग देणार नाही मात्र.”

जुना प्लेअर जावयाने उचलला. ह्या वेळी प्लग काढताना कोणी ओरडलं नाही.

मेन स्विच रविवारी सकाळी दुरुस्त झाला. संध्याकाळी साहेबांनी नवं मशीन लावलं, संगीतशाळेची डिस्क घातली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. शेजारची खुर्ची नेहमीसारखी थोडी तिरकी ठेवली. सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. चित्र खरंच फार स्वच्छ होतं. डॉक्टरच्या नाकातले केस दिसत होते. चारही संशयित एकेक करून आले. बरोबर मध्यावर साहेबांनी थांबवलं. अर्ध्यावर थांबून विचार करायचा असतो.

त्यांनी विचार केला. डॉक्टरकडे एकदा निरखून बघितलं, जुन्या सवयीने. मग शेजारच्या खुर्चीकडे वळून ठासून म्हणाले, “तो पियानोवाला.”

एकतीस वर्षांत साहेबांचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला.